बाळापूर ते बॉन : थोडक्या पैशात युरोप

युरोपचा प्रवास म्हणजे बड्या लोकांची हौस, असे आपल्याकडे सरसकट धरून चालतात. डॉक्टर, बिल्डर, पुढारी यांनी जावे, आपण त्यांचे फोटो पाहावेत. आम्ही बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणारी, महिन्याच्या पगारावर घर चालवणारी माणसे. आम्ही दोन जोडपी मिळून चौघे लंडन, बॉन आणि पॅरिस असा बारा रात्रींचा प्रवास करून आलो. परत आल्यावर वस्तीतल्या एका आजीने विचारले, "काहून बाप्पा, एवढे पैसे घालून तथी काय पाहून आले? अन् कर्ज किती झालं?" कर्ज एक रुपयाचेही झाले नाही. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख. आपल्या कामगार, शिक्षक, शिपाई, कारकून बंधू-भगिनींच्या हाती हिशेब पडावा, एवढाच हेतू आहे.

आधी 'कशासाठी' याचे उत्तर

आपल्या समाजाला प्रवासाचे वावडे कधीच नव्हते. प्रवासात आपल्याला जागा नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींचे एक टिपण इंग्रजीत लिहून ठेवले. ते त्यांच्या पश्चात छापून आले. त्याचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. त्यातले बरेचसे प्रसंग प्रवासाचे आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमरावांना आणि भावंडांना बैलगाडी मिळेना, वाटेत पाणी मिळेना. १९१७ साली अमेरिका व इंग्लंडमधून शिकून आलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना बसवून न्यायला नकार दिला. शेवटी न सवयीच्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून वाद झाला.

वाचकहो, अकोल्याहून मुंबईला जाणारी गाडी याच चाळीसगावावरून जाते. त्या स्टेशनावर आज आपण खिडकीत बसून चहा पितो. हा हक्क कोणी दान दिलेला नाही. म्हणून पोटाला चिमटा घेऊन का होईना, जग पाहणे ही आपल्यासाठी चैन नव्हे. मात्र मुलांच्या शिक्षणाचा आणि आजारपणाचा पैसा मोडून कोणी जाऊ नये, हेही तितकेच ठामपणे सांगतो. शिक्षण पहिले, प्रवास नंतर.

पैसा कसा जमवावा

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब आधी मांडतो. २०२५ साली युरोने रुपयात शंभरी गाठली. म्हणून एक युरो म्हणजे किमान शंभर रुपये, असे धरूनच चालावे. बारा रात्रींसाठी एका माणसाचा आमचा ढोबळ हिशेब असा :

विमानाचे जाण्या-येण्याचे तिकीट ६०,००० रुपये.
दोन व्हिसे, सेवाशुल्कासह २६,००० रुपये.
प्रवासी विमा २,००० रुपये.
मुक्काम, रात्रीला ३,५०० प्रमाणे ४२,००० रुपये.
जेवणखाण, दिवसाला १,२०० प्रमाणे १४,४०० रुपये.
तिकडचा बस, रेल्वे प्रवास २२,००० रुपये.
प्रवेशशुल्क व किरकोळ ५,००० रुपये.
अकोला ते मुंबई दोन फेऱ्या ३,६०० रुपये.
एकूण १,७५,००० रुपये. नवराबायकोचे ३,५०,००० रुपये.

रक्कम मोठी आहे. पण पोस्टाच्या आवर्त ठेवीत दरमहा ५,००० रुपये पाच वर्षे भरले, तर ६.७ टक्के व्याजदराने मुदतीअखेर सुमारे ३,५६,००० रुपये हाती येतात. म्हणजे पाच वर्षांचा बेत आहे. ज्यांना दरमहा अडीच हजारच जमतात त्यांनी एकट्याने जावे किंवा दहा वर्षांचा बेत करावा. पतपेढीचे कर्ज काढून किंवा भविष्यनिर्वाह निधी मोडून जाऊ नये. प्रवास बारा दिवसांचा असतो, हप्ते मात्र साठ महिने घर सोडत नाहीत.

खर्च कमी करण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे दोन व्हिसे टाळणे. इंग्लंडचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन देशांचा वेगळा. फक्त इंग्लंड किंवा फक्त जर्मनी-फ्रान्स असे ठरवले की दहा-पंधरा हजार रुपये तेथेच वाचतात.

कंपनीची सहल घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस म्हणून कर वसूल करतात. आयकर विवरणपत्र भरल्यास तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पावती जपून ठेवा.

कागदपत्रे : येथेच गाडी अडते

पहिले काम पासपोर्टचे. आपला जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. अर्ज संगणकावरून भरावा लागतो. मोठ्या माणसाच्या ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये असून तो दहा वर्षे चालतो. आपल्या लोकांची अडचण फीची नसते, नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. बाईमाणसाचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कारकुनाने आपल्या मनाने लिहिलेले. आमच्यापैकी एका वहिनींचे हे सारे जुळवण्यात चार महिने गेले. तेव्हा प्रवास ठरो न ठरो, घरातल्या सर्वांची नावे आजच एकसारखी करून घ्या.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाची परवानगी किंवा ना-हरकत पत्र आधी मागून घ्यावे. रजा मंजूर झाल्याचा कागद व्हिसालाही उपयोगी पडतो. नोकरी, घर, मुले येथे आहेत आणि आपण परत येणार आहोत, हेच व्हिसा अधिकाऱ्याला पटवून द्यायचे असते.

शेंगेन गटात २९ देश आहेत. एका व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस या सर्व देशांत फिरता येते. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांची ४५ युरो. सहाच्या आतील मुलांना फी नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नये, दोन-तीन महिने आधी करावा. ज्या देशात जास्त रात्री काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या पॅरिसला चार रात्री आणि बॉनला तीन, म्हणून आम्ही फ्रान्सकडे अर्ज केला. किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा आरोग्य विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला आम्हाला मुंबईला जावे लागले. ते ठसे ५९ महिने चालतात. विमानाचे पैसे न परतणारे तिकीट व्हिसा हाती येण्याआधी घेऊ नये. फी मात्र व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

बँक खात्यात अर्ज करण्याच्या आदल्या आठवड्यात एकदम लाखभर रुपये भरू नयेत, संशय येतो. आवर्त ठेवीचे पुस्तक आणि नियमित पगार या दोन गोष्टी गरिबाच्या बाजूने साक्ष देतात.

आणि एक इशारा. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. "आधी फिरायला जा, मग तिकडे कामाला लावतो" असे म्हणणारा दलाल फसवणूक करतो, हे पक्के समजावे. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या संस्थेची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे लागते. नोंदणी क्रमांक मागा. देता येत नसेल तर उठून चालू पडा.

सराव घरूनच

परदेशी जाण्याआधी आम्ही सराव केला. बाळापुरातच मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो सुरू केला आणि अचलपूरच्या नवाबाने १७५७ साली पुरा केला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. जन्मभर शेजारी राहून ही दोन्ही ठिकाणे नीट न पाहिलेले लोक आमच्या वस्तीत पुष्कळ. ती पाहिली, पातूरची लेणी पाहिली, मग तीन दिवस अजिंठ्याला गेलो. पाठीवर एकच पिशवी, दिवसभर चालणे, डबा बरोबर. चालताना कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला रात्री झोप लागत नाही, कोण पैसे नीट सांभाळतो, हे सारे अजिंठ्यातच कळले.

अजिंठा आधी पाहण्याचा आणखी एक फायदा झाला. तेथील चित्रांच्या नकला करणारा इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल भुसावळला मरण पावला. त्याने वर्षानुवर्षे काढलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यातील काही १८८५ च्या आगीत गेल्या, उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. मूळ ठेवा आपल्या दाराशी आहे, हे लंडनला गेल्यावर अधिक पटते.

लंडन : फुकट पाहण्यासारखे पुष्कळ

लंडन महाग खरे, पण ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, विज्ञान संग्रहालय, नॅशनल गॅलरी यांना प्रवेशशुल्क नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. पाटी वाचून आमच्या एका वहिनी म्हणाल्या, "मायबाई, आपली अमरावती येथी कशी?" ती आपली नव्हे, आंध्रातली. लंडनबाहेर हर्टफर्डशायरमध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या बौद्ध विहाराचे नावही अमरावतीच आहे. शहरातल्या चिझिक भागात लंडन बुद्धिस्ट विहार आहे. तो अनागारिक धर्मपालांनी १९२६ साली स्थापन केला. बाबासाहेब ज्या वाचनालयात तासन्‌तास बसत, ते गोल दालन ब्रिटिश म्युझियमच्या मध्यभागी आहे.

१० किंग हेन्रीज रोड हे घर पाहायला चॉक फार्म स्टेशनवर उतरावे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब येथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचे उद्घाटन झाले. पुढे निवासी भागात स्मारक चालावे की नाही यावर स्थानिक कौन्सिलशी वाद झाला. २०२० साली परवानगी मिळाली. उघडे असण्याच्या वेळा आधी विचारून जावे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे. ग्रेज इन येथे त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यास केला. २०२१ साली तेथील एका खोलीला त्यांचे नाव देण्यात आले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली याच शहरात छापला गेला. अर्धपोटी राहून अभ्यास करणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या वाटेवरून जाताना स्वस्त मुक्कामाची लाज वाटत नाही.

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवून चढायचे. एका भाड्यात तासाभरात दुसऱ्या बसमध्ये बसता येते. भुयारी रेल्वेपेक्षा बस स्वस्त, आणि दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरून शहर दिसते ते वेगळेच.

मुक्काम आणि जेवण

हॉटेल आपल्या आवाक्यातले नाही. युथ हॉस्टेल शोधावे. ही कल्पना रिचर्ड शिर्मान नावाच्या जर्मन शाळामास्तराची. गोरगरीब मुलांना घेऊन पायी सहली काढताना रात्री निवारा मिळेना, तेव्हा १९०९ साली त्याला ही कल्पना सुचली आणि आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह झाले. आज तेथे मोठी माणसेही राहतात. खोलीत चार-सहा पलंग, सामाईक न्हाणीघर आणि बरेच ठिकाणी स्वयंपाकघर. आम्ही चौघे असल्याने चार पलंगांची पूर्ण खोली घेत होतो. स्वयंपाकघर आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी विचारा, कारण निम्मी बचत तेथेच होते.

बरोबर मांस व दुधाचे पदार्थ नेऊ नयेत. तूप, खवा, पेढे सीमेवर काढून घेतात. ताजी फळे-भाज्याही नकोत. आम्ही शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा आणि मसाला नेला. डाळ-तांदूळ तिकडे घेतले. लंडनला साऊथॉल, पॅरिसला ला शापेल भागात आपल्याकडचे सर्व मिळते. आल्डी, लिडल ही स्वस्त दुकाने. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, शनिवारीच खरेदी करावी. या तिन्ही देशांत नळाचे पाणी पिण्याजोगे असते. बाटली भरून घ्या, विकत घेऊ नका. सार्वजनिक नळावर कोणी कोणाला हटकत नाही. आमच्यापैकी थोरल्या वहिनी पॅरिसच्या एका नळापाशी उगीच थांबून राहिल्या. विचारले तर म्हणाल्या, "माझ्या आजीले दुरूनच ओंजळीत पाणी वाढत."

बॉन आणि पॅरिस

लंडनहून कलोनला रात्रीच्या बसने गेलो. एका रात्रीचे भाडे वाचले, पाठ मात्र दुखली. तेथून बॉन जवळच आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी बाबासाहेबांनी येथील विद्यापीठात नाव नोंदवले होते. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुना राजवाडा, समोर मोठी हिरवळ, पलीकडे ऱ्हाईन नदी. बघायला पैसे पडत नाहीत. जर्मनीत महिनाभर लोकल गाड्या व बसना चालणारे तिकीट २०२३ साली ४९ युरोत सुरू झाले. पुढे भाव वाढला आणि ते दरमहा आपोआप चालू राहते, रद्द करावे लागते. थोड्या दिवसांसाठी एका दिवसाचे गट-तिकीट परवडते. विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड आहे. तिकीट काढून यंत्रात छापून घ्यायचे राहिले तरी दंड होतो, हे विसरू नये.

पॅरिसला आयफेल टॉवर खालून आणि समोरच्या त्रोकादेरोच्या पायऱ्यांवरून पाहिला. गिमे संग्रहालयातील गांधार शैलीची बुद्धशिल्पे मात्र तिकीट काढून पाहिली. गर्दीत सह्या मागणारे, मनगटाला दोरा बांधणारे, सापडलेली अंगठी दाखवणारे भेटले की हात खिशावर ठेवून पुढे जावे. आमच्या घरातल्या बायकांनी परकराच्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवल्या होत्या. पासपोर्ट आणि नोटा त्यात, आतून कमरेला. एटीएम यंत्राने "रुपयांत हिशेब करू का?" असे विचारले तर नाही म्हणावे, युरोतच घ्यावे, नाहीतर दर वाईट लागतो. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसात तक्रार, मग भारतीय दूतावास. संकटात ११२ क्रमांक लावावा.

जे पाहिले ते सांगतो

युरोप म्हणजे समतेचा स्वर्ग, असे आम्ही म्हणणार नाही. रंगावरून पाहण्याची नजर तेथेही आहे. रस्त्यावर झोपणारी माणसे लंडन-पॅरिसमध्येही दिसली. आपल्या देशातून गेलेल्यांनी जातही सोबत नेली आहे. ब्रिटनमध्ये जातिभेदाविरुद्ध कायद्यात तरतूद करण्याची मागणी वर्षानुवर्षे झाली आणि २०१८ साली तेथील सरकारने तसा कायदा न करण्याचे ठरवले. पण बारा रात्रींत मुक्कामाच्या दारावर आम्हाला आडनाव विचारून कोणी खोली नाकारली नाही. पासपोर्ट पाहिला, पैसे घेतले, किल्ली दिली. एवढी साधी गोष्ट. ती बडोद्यात १९१७ साली झाली नव्हती.

शेवटची गोष्ट तरुणांसाठी. फिरायला जाण्यापेक्षा शिकायला जाणे मोठे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, केंद्राचीही वेगळी शिष्यवृत्ती आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख शंभर वर्षांपूर्वी एडिनबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आले. ज्या घरात मूल बारावीला आहे त्या घराने आमच्या हिशेबातले ५,००० रुपये आधी त्याच्या इंग्रजीवर आणि पुस्तकांवर घालावेत. ते मूल तिकडे शिकायला गेले तर पदवीदान पाहायला आईबापांनी जरूर जावे. त्या दिवशी कागद शोधत बसायला नको, म्हणून दोघांचेही पासपोर्ट आताच काढून ठेवा.

जयभीम.